रकाना रिकामा आहे

प्रति,
माननीय केंद्रीय अर्थमंत्री तथा कंपनी व्यवहार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदया,

भोसरी एमआयडीसीतल्या एका गाळ्यात माझे मशीन शॉप आहे. दोन सीएनसी, एक जुना लेथ आणि चार कामगार. २०१६ साली कामगार अकरा होते. मी काही कोणी मोठा माणूस नाही. पण माझ्याजवळ दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा आहे, मुद्दल ४१ लाख रुपयांचा, आणि तो प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून मी वर्षानुवर्षे हिंडतो आहे. अर्थ आणि कंपनी व्यवहार ही दोन्ही खाती आपल्याकडे आहेत. ज्या कायद्याने माझे घर गेले तो, आणि ज्या कायद्याने माझे पैसे परत येतील असे मला सांगितले गेले तो, दोन्ही आपल्याच टेबलावरचे. म्हणून हे पत्र आपल्याला.

पुण्याजवळच्या एका कंपनीला मी गाड्यांचे सुटे भाग बनवून देत असे. २०१५ पासून बिले थकू लागली. ‘पुढच्या महिन्यात नक्की’ हे मी दोन वर्षे ऐकले. शेवटी २०१७ च्या दिवाळीआधी हट्टाने प्रवर्तकांच्या बंगल्यावर गेलो. त्यांनी आदराने बसवले, चहा-चिवडा झाला आणि स्टँप पेपरवर वैयक्तिक हमीपत्र लिहून दिले. सही करताना चष्म्यावरून बघत म्हणाले, ‘अहो, कंपनीचं सोडा. मी आहे ना! हे घर कुठं पळून जातंय का?’ घर पळाले नाही, ते आजही तिथेच आहे. मात्र ज्या सोफ्यावर बसून सही झाली तो सोफा, तो बंगला आणि पोर्चमधली गाडी, यातले काहीच त्या दिवशी त्यांचे नव्हते. सगळे दोन वर्षांपूर्वीच त्यांच्या कुटुंबाच्या खासगी ट्रस्टमध्ये गेले होते.

‘नोंदणी कार्यालयातून बंगल्याचा इंडेक्स टू का नाही काढला?’ असे माझ्या वकिलांनी नंतर विचारले. बरोबर आहे, काढायला हवा होता. मी मिळकत पत्रिका मात्र पाहिली होती आणि तिच्यावर नाव त्यांचेच होते. ट्रस्ट डीड नोंदवले गेले होते, फेरफार कोणी केलाच नव्हता. आणि बंगल्याचा निदान इंडेक्स टू तरी निघतो. शेअर्सचा, बँकेतल्या ठेवींचा, म्युच्युअल फंडांचा इंडेक्स टू कुठे मिळतो, हे आपण सांगावे.

पुढे कंपनी दिवाळखोरीत गेली. बँकांच्या पदरात थोडेफार पडले. माझ्यासारखे माल पुरवणारे, ज्यांना आपली दिवाळखोरी संहिता ‘ऑपरेशनल क्रेडिटर’ म्हणते, त्यांच्या वाट्याला शून्य आले. हमीपत्राच्या जोरावर मी प्रवर्तकांवर वैयक्तिक दावा लावला, २०१९ मध्ये जिंकलो, पेढे वाटले. आज त्या पेढ्यांची लाज वाटते. २०२० मध्ये हुकूमनाम्याच्या बजावणीसाठी दरखास्त टाकली आणि त्यातून एकदाचे जप्तीचे वॉरंट निघाले.

तो दिवस सांगतो. बेलिफ, मी आणि दोन पंच असे बंगल्याच्या गेटवर पोचलो. वॉचमनने आम्हाला अडवले नाही, काही विचारलेही नाही. केबिनमधल्या खिळ्याला अडकवलेली एक पिशवी काढून त्याने बेलिफच्या हाती दिली. आत ट्रस्ट डीडच्या पहिल्या पानांची आणि नोंदणी पावतीची झेरॉक्स. ‘साहेबांनी सांगून ठेवलंय, कोर्टाचं कुणी आलं तर हे दाखवायचं.’ त्या झेरॉक्सवर चहाच्या कपाचा गोल डाग होता, कोपरे मऊ पडले होते. म्हणजे आम्ही पहिले नव्हतो. बेलिफने गेटच्या खांबावर कागद ठेवून लिहिले, ‘जप्तीयोग्य मालमत्ता मिळून आली नाही.’ तो लिहीत असतानाच गेट उघडले आणि गाडी बाहेर पडली. मागच्या सीटवर माझे ऋणको बसले होते. त्यांनी मला ओळखले आणि मान लववून नमस्कार केला. मीही केला, हात आपोआप जोडले गेले.

ही युक्ती मी आपल्याला समजावून सांगावी असे नाही, आपल्या खात्यात ती रोज वाचली जात असेल. पण वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना कळावी म्हणून लिहितो. १८८२ च्या भारतीय न्यास कायद्याप्रमाणे घरातला कर्ता न्यासकर्ता होतो, मालमत्ता विश्वस्तांच्या हवाली करतो, बायको-मुले-नातवंडे लाभार्थी होतात. विश्वस्तांमध्ये तो स्वतःही बसू शकतो. ट्रस्ट रद्द न करता येणारा ठेवला की मालमत्ता त्याची राहत नाही. कोणत्या लाभार्थ्याला किती आणि कधी द्यायचे हे विश्वस्तांच्या मर्जीवर सोडले, की ती लाभार्थ्यांचीही होत नाही, कारण हाती पडेपर्यंत त्यांचा ठरलेला हिस्साच नसतो. मग धनकोने जप्त काय करायचे? विश्वस्तांची मर्जी? गार्निशी हुकूम मागावा, तर तो ऋणकोला जे ‘येणे’ आहे ते वाटेतच थांबवतो. विश्वस्त शांतपणे सांगतात, आम्ही त्यांना काहीच देणे लागत नाही. वाटले तर देतो. राहायला सगळे, मालक कोणी नाही! आपल्या २०१६ च्या दिवाळखोरी संहितेच्या कलम १५५ मध्ये स्पष्टच लिहिले आहे, की दुसऱ्यासाठी विश्वस्त म्हणून धरलेली मालमत्ता दिवाळखोराच्या मालमत्तेत धरायची नाही. बेनामी व्यवहारांच्या कायद्यातही विश्वस्ताला सूट आहे. म्हणजे मागे लागणारा धनको ज्या ज्या दाराशी जाईल, तिथे कायद्यानेच आतून कडी लावलेली.

ट्रस्ट नावाच्या गोष्टीशी माझे वैर नाही. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली नवऱ्याने बायको-मुलांच्या नावे विमा उतरवला, तर तो आपोआप त्यांच्यासाठीचा ट्रस्ट होतो आणि नवऱ्याच्या सावकारांना त्या पैशाला हात लावता येत नाही. माझी स्वतःची अशी एक पॉलिसी आहे, तीन लाखांची. मला काही झाले तर तेवढे तरी बायकोला मिळावे. दिव्यांग मुलाच्या आई-बापाने आपल्यामागे त्याचे कसे होईल म्हणून केलेला ट्रस्ट कोणी मोडू नये. पण एका बाजूला ती तीन लाखांची पॉलिसी आणि दुसऱ्या बाजूला हमीपत्रावर सही करायच्या आधीच रिकामा करून ठेवलेला खिसा, या दोहोंना एकच कुलूप कसे, हा माझा प्रश्न आहे.

हमी तर मीही दिली होती. धंद्याच्या कॅश क्रेडिटसाठी बँकेने माझी आणि बायकोची सही घेतली, चिंचवडचा फ्लॅट गहाण घेतला. त्या कंपनीकडून पैसे थकले, खाते एनपीए झाले, आणि सरफेसी कायद्याखाली कलम ‘तेरा-दोन’ची नोटीस आली. साठ दिवस. त्यात कोर्ट नाही, तारीख नाही. पुढे ताबा जाणार हे दिसल्यावर मी स्वतःच फ्लॅट विकून खाते मिटवले. आता मोशीला भाड्याने राहतो. बँकेवर माझा राग नाही, सही मी केली होती. पण महोदया, माझी सही साठ दिवसांत घर घेऊन जाते आणि त्यांच्या सहीला इतक्या वर्षांत बंगल्याच्या फाटकाची कडीही लागत नाही, हे आपल्याला ठाऊक नाही असे मी कसे मानू?

आणखी एक सही दाखवतो. माझ्याकडचा एक फिटर मित्राच्या पतसंस्थेतल्या कर्जाला जामीन राहिला होता. मित्र गावी निघून गेला. सहकार कायद्याच्या कलम १०१ खालचा वसुली दाखला निघाला आणि पतसंस्थेचे पत्र मला आले: यांच्या पगारातून दरमहा ४,००० रुपये कापून भरावेत. न कापले तर मालक म्हणून मी जबाबदार. तेव्हापासून दर महिन्याला त्याच्या पगाराच्या पाकिटातून मी स्वतःच्या हाताने आठ नोटा काढतो. तो मोजत नाही, मीही त्याच्याकडे बघत नाही. दिवाणी न्यायालयाने पगार जप्त केला असता तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश त्याला सोडावे लागले असते. ते ‘पहिले हजार’ २००२ पासून तेवढेच आहेत. हजारात आज गॅसचा सिलिंडर भरून घेतला की हातात फारसे काही उरत नाही. जामीनदाराला सोडायची रक्कम वाढवायला कोणाला वेळ झाला नाही, आणि बंगल्यातल्या जामीनदाराला मात्र काहीच सोडावे लागत नाही, कारण त्याच्या नावावर काही नसतेच.

आपण म्हणाल, फसवून केलेले हस्तांतर रद्द करण्याचे कायदे आहेत. आहेत. १८८२ च्याच मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५३ आहे. पण त्यातला शब्द ‘स्थावर’ आहे, दावा सगळ्या धनकोंच्या वतीने लावायचा आहे, आणि धनकोंना बुडवण्याचाच हेतू होता हे मला सिद्ध करायचे आहे. दिवाळखोरी संहितेत व्यक्तीच्या दिवाळखोरीत कमी मोलात केलेली हस्तांतरे तपासायची खिडकी अर्जाआधीच्या दोन वर्षांची आहे. ज्याला आपली कंपनी बुडणार हे कळते, त्याला दोन वर्षे आधीच कळते. चांगला सल्लागार त्याहून आधी फोन करतो. या सल्ल्याला बाजारात ‘ॲसेट प्रोटेक्शन’ म्हणतात. त्याची माहितीपत्रके गुळगुळीत कागदावर छापतात आणि त्यांत आजी-आजोबा नातवंडांबरोबर बागेत हसत असतात. माझ्यासारख्या पुरवठादाराचा फोटो मात्र त्यात कधी दिसला नाही.

सर्वोच्च न्यायालयासमोर आलेले उदाहरण आपल्या समोरचेच आहे. किंगफिशर एअरलाइन्सच्या प्रकरणात विजय मल्ल्यांना डियाजिओ कंपनीकडून फेब्रुवारी २०१६ मध्ये ४ कोटी डॉलर मिळाले आणि काही दिवसांतच ते त्यांच्या मुलांच्या ट्रस्टांकडे गेले. कर्नाटक उच्च न्यायालयाची मनाई असताना गेले. स्टेट बँकेसह बँकांचा गट न्यायालयात गेला, २०१७ मध्ये अवमान सिद्ध झाला, आणि जुलै २०२२ मध्ये शिक्षा झाली: चार महिने कैद आणि २,००० रुपये दंड. पैसे व्याजासह परत करण्याचा आदेशही झाला. तेव्हा ते इंग्लंडमध्ये होते. देशातली सगळ्यात मोठी बँक, सर्वोच्च न्यायालय आणि सहा वर्षे इतके सगळे लागले तिथे, आणि ट्रस्टमध्ये पैसा गेला तो दिवसही माहीत होता. मला तर तेही माहीत नव्हते. मग भोसरीतल्या गाळेवाल्याने कोणाच्या भरवशावर हमीपत्र घ्यायचे?

आता दिलेल्या शब्दांविषयी. दिवाळखोरी संहिता आली तेव्हा प्रवर्तकाला यापुढे कंपनीच्या आड लपता येणार नाही, असे आम्हाला सांगितले गेले. १ डिसेंबर २०१९ पासून वैयक्तिक हमीदारांना ती लागू झाली, मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. मी टीव्हीपुढे बसून टाळ्या वाजवल्या होत्या. त्या तरतुदींखाली मंजूर झालेल्या परतफेड योजनांतून मान्य दाव्यांच्या किती टक्के रक्कम हाती आली, हे आपल्या दिवाळखोरी मंडळाच्या तिमाही वृत्तात छापून येते. मी तो आकडा इथे लिहीत नाही. आपण तो एकदा लोकसभेत मोठ्याने वाचावा.

त्याच संहितेत अगदी गरीब ऋणकोसाठी एक प्रकरण आहे, ‘नवी सुरुवात’. वर्षाचे उत्पन्न ६०,००० पर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, कर्ज ३५,००० पर्यंत आणि स्वतःचे घर नाही, अशा माणसाला कर्जातून मोकळे करण्याची सोय. २०१६ मध्ये संसदेने ती मंजूर केली. ती आजवर अंमलात नाही. सामान्य व्यक्तींच्या दिवाळखोरीचा उरलेला भागही नाही. मुंबईत आजही त्यासाठी १९०९ चा आणि बाहेर १९२० चा कायदा चालतो. म्हणजे ज्याच्याकडे वकील आहे त्याला १८८२ चा कायदा पुरून उरतो, आणि ज्याच्यासाठी आपण स्वतः कायदा लिहिला त्याला तो सुरू व्हायची वाट बघावी लागते. नेमकी हीच प्रकरणे मागे का राहिली, याचे उत्तर कोणत्या फाइलमध्ये आहे?

२०२३ च्या अर्थसंकल्पात आपण सूक्ष्म आणि लघुउद्योगांची बिले वेळेत न देणाऱ्याला प्राप्तिकरात वजावट मिळणार नाही असे जाहीर केले. चांगले केले. पण जो पैसेच देत नाही तो कर थोडा जास्त भरतो, आणि तो कर आपल्याकडे येतो, माझ्याकडे नाही. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढा असे सांगितले. माझी दरखास्त त्याच्याही आधीची आहे, म्हणून बहुधा तिला हे कळले नसावे.

खासगी ट्रस्टांच्या गुपिताबद्दल एक गंमत सांगतो. गावच्या भैरवनाथाच्या देवस्थानचा मी विश्वस्त आहे. महाराष्ट्राच्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली आमची नोंद आहे. एक विश्वस्त वारला की नव्वद दिवसांत बदल अर्ज. दरवर्षी हिशेब तपासणी. देवाची पाच गुंठे पडीक जमीन विकायची तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी. कोणीही उठून देवाच्या मालकीचे काय काय आहे याची नक्कल मागू शकतो, समया किती आणि घंटा किती इथपर्यंत. आणि पुण्यातला कोट्यवधींचा खासगी ट्रस्ट? त्याची अशी कोणतीही खुली नोंदवही नाही. प्राप्तिकर खात्याला तो दिसतो, कारण तो कर भरतो. २०१७ मध्ये सेबीने शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या प्रवर्तकांनी आपला हिस्सा ट्रस्टकडे नेताना काय अटी पाळाव्यात हे ठरवून दिले, कारण तिथे गुंतवणूकदारांचे हित होते. पुरवठादाराचे, कामगाराच्या थकलेल्या पगाराचे हित कोणत्या खात्यात मोडते? देवाने जे जाहीर करायचे ते प्रवर्तकाने का नाही?

मी काय मागतो आहे हे अवघड नाही. जो कोणी वैयक्तिक हमीपत्रावर सही करील, त्याने सहीच्या दिवशी शपथेवर सांगावे: माझ्या नावावर हे आहे, आणि मी वापरतो पण ट्रस्टचे आहे ते हे. खोटे निघाले तर ट्रस्टचे कुलूप त्या हमीपुरते उघडावे. ठरावीक किमतीवरच्या खासगी ट्रस्टांची नोंदवही असावी आणि हुकूमनामा हाती असलेल्या माणसाला ती पाहता यावी. साऱ्या जगाला नको, फक्त त्याला. आणि जो माणूस ट्रस्टच्या घरात राहतो, ट्रस्टच्या गाडीत फिरतो, ट्रस्टच्या कार्डावर जेवतो, त्याने हेतू शुद्ध होता हे सिद्ध करावे. ते ओझे माझ्या डोक्यावर का? यातले कोणते आपल्याला करता येण्यासारखे नाही, तेवढे कळवावे. ‘आपले पत्र योग्य कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठवले आहे’ असे उत्तर कृपया नको. ते माझ्याकडे दोनदा आले आहे, तेही फोल्डरमध्येच आहे.

दरखास्तीची पुढची तारीख ११ ची आहे. जप्तीचा नवा अर्ज भरायचा आहे. त्यात एक रकाना असतो, ‘ऋणकोच्या जप्त करावयाच्या मालमत्तेचे वर्णन’. कायद्याने ते वर्णन धनकोनेच द्यायचे असते: चतुःसीमा, सर्व्हे नंबर, खाते क्रमांक. मागच्या वेळी मी तिथे बंगल्याचा पत्ता लिहिला होता. वकील म्हणाले, या वेळी तो लिहू नका, कारकून परत करील. मी विचारले, मग काय लिहू? ते फाइल बांधत होते, काही बोलले नाहीत. काल रात्री फॉर्म समोर घेऊन बसलो होतो. बाकी सगळे भरून झाले आहे. तो एक रकाना आहे. आपण सांगाल ते लिहितो.

आपला,
एक लघुउद्योजक, भोसरी